जखमेच्या तक्त्यात वजनाचा रकाना हवा

ज्येष्ठांच्या न भरणाऱ्या जखमांवर उपचार करणाऱ्या सर्व डॉक्टरांना आणि परिचारिकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

माझ्यापुढे एक दोनशे पानी वही उघडी आहे. बाबांच्या माकडहाडावर झालेल्या बेडसोअरची, म्हणजे सतत पडून राहून दाबाने झालेल्या जखमेची, ही वही. पहिल्या पानावर लिहिलंय: लांबी ६ सेंमी, रुंदी ४.५, खोली २. कडा पांढुरक्या, स्राव भरपूर, वास आहे. पुढे प्रत्येक ड्रेसिंगची नोंद आहे. कोणतं जेल, कोणता फोम, गॉज किती भिजलं, कूस किती वाजता बदलली. पहिल्या भेटीतच जखमांच्या ओपीडीत आम्हाला एक छापील तक्ता मिळाला होता. तो मी वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला आणि त्यातले रकाने अकरा महिने भरत आले.

त्या तक्त्यात वजनाचा रकाना नव्हता, म्हणून माझ्या वहीतही वजन नव्हतं. वजनाची पहिली नोंद सातव्या महिन्यातली आहे: ४६ किलो. आजारी पडण्याआधी बाबा ५८ किलोंचे होते. बारा किलो आमच्या डोळ्यांदेखत गेले. घड्याळाचा पट्टा दोनदा आतल्या भोकात गेला, चष्मा नाकावरून घसरायला लागला म्हणून त्याच्या काड्या आवळून आणल्या. हे सगळं मी स्वतःच्या हातांनी केलं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. जखम का भरत नाही याचं उत्तर आम्ही सगळेच जखमेत शोधत होतो.

माझं मागणं एवढंच आहे की म्हाताऱ्या माणसाची जखम मोजता तसं त्याचं वजन आणि त्याचं खाणं मोजा, आणि पूरक आहार द्याल तेव्हा तो औषधासारखा द्या. किती, केव्हा, किती दिवस आणि कधी थांबायचं, हे लिहून.

आम्हाला तो कसा मिळाला ते सांगते. दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत ड्रेसिंग संपलं, बाबांना व्हीलचेअरवर बसवलं, आम्ही दारापर्यंत पोचलो, आणि मागून आवाज आला, "प्रोटीन पावडर, झिंक आणि व्हिटॅमिन सी सुरू करा हं." मी वळून विचारलं, "किती?" "दोनदा एकेक चमचा." तिन्ही वस्तू त्याच संध्याकाळी घरात आल्या. सांगणाऱ्याच्या मनात चांगलंच होतं याबद्दल मला शंका नाही. बाहेर रांग होती, पुढचा पेशंट टेबलावर होता. पण त्या एका वाक्यावर आमचे पाच महिने गेले.

सातव्या महिन्यात घरी ड्रेसिंगला नवीन सिस्टर येऊ लागल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ड्रेसिंगचं सामान उघडण्याआधी बाबांना विचारलं, "काका, काल दिवसभरात काय काय खाल्लंत?" बाबा म्हणाले, "सगळं खाल्लं." मीही मान डोलावली. सिस्टर म्हणाल्या, "आज मी जेवणाच्या वेळेला येते." त्या आल्या आणि काही न बोलता समोर बसून राहिल्या. बाबा घास तोंडात घ्यायचे, बराच वेळ घोळवायचे, आणि मी पाणी आणायला वळले की रुमालात काढून ठेवायचे. ताट अर्धं रिकामं दिसायचं, कारण उरलेलं रुमालात असायचं. सिस्टरांनी हलक्या हाताने त्यांची कवळी काढून पाहिली. खालची कवळी हिरडीवर चक्क हलत होती आणि तिच्याखाली घासून घासून एक लाल फोड आला होता. वजन उतरलं, हिरड्या आकसल्या, आणि जुनी कवळी सैल झाली. चावताना दुखतं हे बाबांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आधीच सगळे माझ्यामागे एवढे धावताहेत, त्यात आणखी एक दुखणं कशाला, असं त्यांना वाटत होतं.

मग सिस्टरांनी पावडरचा डबा मागितला. मागचं बारीक अक्षर मी तोवर कधी वाचलंच नव्हतं. एका मात्रेला तीन चमचे लिहिले होते आणि मी एक घालत होते. म्हणजे दिवसभरात डब्यातून जेमतेम सात ग्रॅम प्रथिनं पोटात जात होती. तेही जेवणाच्या आधी ग्लासभर पाण्यातून, त्यामुळे जेवायला बसायच्या आतच पोट भरल्यासारखं व्हायचं. ज्या गोष्टीने जेवणात भर पडायला हवी होती, तीच जेवणाच्या आड येत होती.

मला नंतर समजलं ते तुम्हाला नवं नाही, पण घरच्या माणसाला ते कोणत्या भाषेत कळतं हे तुमच्या कानावर यावं म्हणून लिहिते. जखम भरणं म्हणजे शरीराने चालवलेलं बांधकाम आहे. त्याला माल लागतो आणि इंधनही लागतं. माल म्हणजे मुख्यतः प्रथिनं. मोठ्या जखमेच्या स्रावातून तीच प्रथिनं रोज बाहेरही वाहून जातात. आपण भिजलेलं गॉज फेकतो तेव्हा त्याबरोबर तीही फेकतो. आणि इंधन, म्हणजे कॅलरी, कमी पडलं की शरीर प्रथिनंच जाळायला घेतं. चौकटीसाठी आणलेलं लाकूड चुलीत जावं तसं. नुसती प्रथिनांची पावडर पाण्यात ढवळून दिली आणि एकूण जेवण निम्म्यावर असलं, तर तिचं हेच होतं. खाण्यातून मिळालं नाही की शरीर ते स्नायूंमधून काढतं, आणि उतारवयात स्नायूंची गंगाजळी मुळातच आटलेली असते.

बेडसोअरसाठीच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आकडे स्पष्ट दिले आहेत: कुपोषित किंवा कुपोषणाचा धोका असलेल्या प्रौढ रुग्णाला दर किलो वजनामागे रोज ३० ते ३५ किलोकॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. सिस्टरांनी वहीच्या कोऱ्या पानावर बाबांचा हिशेब मांडला. ४६ किलोंना साधारण १,३८० ते १,६१० किलोकॅलरी आणि ५५ ते ६९ ग्रॅम प्रथिनं. मग तीन दिवस आम्ही त्यांच्या पोटात खरोखर काय जातं ते लिहिलं. पावडर धरून ते रोजच्या ७५० किलोकॅलरी आणि २८ ग्रॅम प्रथिनांच्या पुढे गेलं नाही. गरजेच्या निम्मंच! सात महिने आम्ही उत्तमातलं उत्तम ड्रेसिंग करत होतो, आणि खाली बांधकामाला मालच नव्हता.

आता झिंक आणि व्हिटॅमिन सीबद्दल, कारण डब्यांच्या रांगेत सगळ्यात पुढे तेच असतात.

व्हिटॅमिन सी नसेल तर जखम भरत नाही ही गोष्ट खोटी नाही. कोलॅजेनचे, म्हणजे त्वचा बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचे, धागे घट्ट विणायला ते लागतंच, आणि आपलं शरीर ते स्वतः बनवू शकत नाही. १७४० मध्ये इंग्लंडहून निघालेल्या, ब्रिटिश नौदल अधिकारी अ‍ॅन्सनच्या जहाजांवर स्कर्व्ही (व्हिटॅमिन सीच्या अभावाने होणारा आजार) पसरली, तेव्हा पन्नास वर्षांपूर्वी आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत जखमी झालेल्या एका माणसाच्या जुन्या जखमा पुन्हा उघडल्या, आणि तेव्हाचं मोडून जुळलेलं हाडही सुटलं, अशी नोंद आहे. हे वाचून मी हादरले होते. भरलेली जखमसुद्धा शरीर आयुष्यभर डागडुजी करून राखत असतं, आणि डागडुजीचं सामान संपलं की ती उसवू शकते. पुढे १९३९-४० च्या सुमारास क्रँडन नावाच्या तरुण अमेरिकन सर्जनने स्वतःच्या आहारातून व्हिटॅमिन सी पूर्ण काढून टाकलं आणि पाठीवर जखम करवून घेतली. तीन महिन्यांनी केलेली जखम नीट भरली. सहा महिन्यांनी केलेली भरेना. व्हिटॅमिन सी दिल्यावर ती भरली.

यातून जे कळायला हवं ते असं की उणीव असेल तर ती भरून काढल्यावर फरक पडतो. उणीव नसताना जादा दिलं तर काय होतं? १९७४ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या २० रुग्णांवरच्या एका छोट्या चाचणीत रोज १,००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सीने बेडसोअर वेगाने लहान झाल्याचं दिसलं आणि सगळीकडे आशा पालवली. १९९५ च्या ८८ रुग्णांच्या चाचणीत रोज १,००० मिलिग्रॅम आणि रोज २० मिलिग्रॅम अशी तुलना केली, तेव्हा जास्त डोसवाल्यांचं काही अधिक बरं झालं नाही. वीस मिलिग्रॅमवाल्यांची निकड तेवढ्यात भागली असणार, असं मला वाटतं.

झिंकचंही तसंच. कमतरता असेल तर जखम रेंगाळते, अन्नाची चवही बिघडते. पण पायावरच्या शिरांच्या आणि धमन्यांच्या व्रणांसाठी पोटातून झिंक देण्याच्या चाचण्या कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात एकत्र तपासल्या, तर सरसकट फायदा दिसला नाही. उलट झिंक सल्फेटच्या २२० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ५० मिलिग्रॅम झिंक असतं, आणि अमेरिकी मानकांनुसार प्रौढांना रोजची वरची मर्यादा ४० आहे. महिनोन्‌महिने तेवढं घेत राहिलं तर आतड्यात तांब्याचं शोषण अडतं, मग रक्त कमी होतं, पायांतल्या नसा बधिर होतात. बाबांची गोळी पाच महिने चालू होती, कारण "सुरू करा" असं सांगितलं होतं आणि "बंद करा" असं कुणी म्हणालं नव्हतं. गोळीमुळे त्यांना मळमळायचं हे मात्र आम्हाला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. मळमळणाऱ्या माणसाकडून आम्ही जेवणाची अपेक्षा करत होतो.

पूरक आहाराने काही होत नाही, असं मी म्हणत नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांशी माझं पटतही नाही. २०१५ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी दीर्घकालीन काळजी केंद्रांत किंवा घरी असलेल्या, बेडसोअर झालेल्या २०० कुपोषित प्रौढांवर चाचणी केली. एका गटाला भरपूर कॅलरी आणि प्रथिनांचं तयार पेय, दुसऱ्याला तितक्याच कॅलरी-प्रथिनांचं पण वर आर्जिनिन (प्रथिनांचा एक घटक), झिंक आणि अँटिऑक्सिडंट घातलेलं. आठ आठवड्यांनी जखमेचं क्षेत्रफळ साध्या पेयाच्या गटात सरासरी ४५.२ टक्क्यांनी आणि घातलेल्या गटात ६०.९ टक्क्यांनी कमी झालं. आठ आठवड्यांत जखम पूर्ण मिटण्यात मात्र दोन गटांत ठोस फरक नव्हता. माझी नजर दोन गोष्टींवर खिळली. एक, हे सगळे मुळात कुपोषित होते आणि त्यांना पोटभर कॅलरी व प्रथिनं मिळत होती; आर्जिनिन आणि झिंक त्या पायावर चढवले होते. दोन, साध्या पेयाच्या गटातही जखमा लहान होत होत्या. बाबांना आम्ही बरोबर उलटं दिलं. पाया नाही आणि वरचा मजला चढवला.

आर्जिनिनचा उल्लेख झालाच आहे तर एक काळजीही मांडते. २००६ मध्ये हार्ट अ‍ॅटॅक नुकताच येऊन गेलेल्या रुग्णांना आर्जिनिन देण्याची एक चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण आर्जिनिनच्या गटात सहा मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात एकही नाही. ती चाचणी जखमांची नव्हती. पण ज्येष्ठांच्या जखमा आणि ज्येष्ठांची हृदयं एकाच अंगात असतात, आणि दुकानात डबा घेताना कुणी हृदयाचा इतिहास विचारत नाही. तो तुम्हीच विचारू शकता. तसंच मूत्रपिंडाचं. क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेल्या माणसाला किती प्रथिनं द्यायची हे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांशी आणि आहारतज्ज्ञांशी बोलूनच ठरायला हवं. मधुमेह असेल तर पेयातल्या साखरेचा हिशेब रक्तातल्या साखरेत धरावा लागतो. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर व्हिटॅमिन के असलेलं पेय सुरू केल्याचं रक्त तपासणाऱ्याला कळायला हवं. गिळताना ठसका लागत असेल, तर पातळ पेय फुप्फुसात जाऊ शकतं. यातलं एकही डब्यावर मोठ्या अक्षरात नसतं.

आणि हेही मला ठाऊक आहे की दाब तसाच राहिला तर जगातलं कुठलंही पेय बेडसोअर भरणार नाही. पायाच्या धमन्या बंद असतील तर रक्त पोचायला हवं, शिरांच्या व्रणाला दाबपट्टी हवी, मधुमेही पायावरचा भार काढायला हवा, पू असेल तर तो निघायला हवा. मधुमेही पायाच्या जखमांमध्ये पूरक आहाराचा पुरावा तर अजून फारच तोकडा आहे. खाणं हा या सगळ्याचा पर्याय नाही. मात्र या सगळ्यासाठी तुमच्या तक्त्यात रकाने आहेत.

रकाना हवा म्हणजे काय हवं, तेही सांगते. पहिल्या भेटीत वजन, आणि पुढे निदान महिन्यातून एकदा. उभं राहता येत नसेल तर व्हीलचेअरचा काटा, तोही नसेल तर पोटरीचा घेर टेपने; ज्येष्ठांच्या पोषण तपासणीत वजन-उंची मोजता येत नसेल तेव्हा ३१ सेंमीपेक्षा कमी पोटरी हे धोक्याचं लक्षण मानतातच, आणि ड्रेसिंगच्या खोलीत टेप असतेच. गेल्या तीन महिन्यांत वजन आपोआप उतरलं का, भूक कमी झाली का, दात-कवळी कशी आहे, ठसका लागतो का, जेवताना जवळ कुणी बसतं का. हे विचारायला दोन-तीन मिनिटं पुरतात. लठ्ठ दिसणाऱ्यांनाही विचारा. पायांवर सूज आणि पोटावर चरबी असलेल्या माणसाचेही दंड वाळलेले असू शकतात, आणि काटा ते लपवतो. फक्त रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या आकड्यावर निकाल देऊ नका. जंतुसंसर्ग आणि सूज असली की ते तसंही खाली जातं, मग माणूस किती का जेवेना.

पेय द्यायचंच ठरलं तर चिठ्ठीवर लिहा. युरोपातल्या ज्येष्ठांसाठीच्या पोषण-मार्गदर्शनात कुपोषित ज्येष्ठाला पूरक पेयातून रोज किमान ४०० किलोकॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिनं, निदान महिनाभर, आणि त्यानंतर आढावा असं म्हटलं आहे. हे इतक्या थोड्या शब्दांत मावतं. "दोनदा एकेक चमचा" यापेक्षा फार लांब नाही ते. आणि घरात आधीच कोणकोणते डबे-बाटल्या उघड्या आहेत ते एकदा पिशवीत भरून आणायला सांगा. आमच्या पिशवीतून तीन वेगवेगळ्या बाटल्यांमध्ये झिंक निघालं.

आमच्याकडे पुढे काय झालं? कवळी दुरुस्त होईपर्यंत बाबांना सगळं मऊ करून दिलं. पाच-सहा वेळा थोडं थोडं. पेय जेवणाच्या मध्ये, थंड, एका वेळी ५० मिली, औषधासारखं छोट्या पेल्यात. ग्लास दिसला की त्यांना दडपण यायचं, पेला दिसला की ते गटकन पिऊन टाकायचे. झिंकची गोळी डॉक्टरांना विचारून थांबवली. जेवताना मी समोर बसू लागले, स्वतःचं ताट घेऊन. रुमाल दिसेनासा झाला. अकराव्या महिन्यात वजन ५०.५ किलो आहे. जखम १.५ बाय १ सेंमी, उथळ, तळाशी लाल दाणेदार मांस, वास नाही. त्याच सुमाराला हवेची चांगली गादीही आली, त्यामुळे कशाने किती झालं याची वाटणी मला करता येणार नाही आणि करायचीही नाही. पण स्वतःच्या हाताने चमचा धरायची ताकद त्यांना गादीने दिली नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकते. आता ते पलंगाच्या कडेचा दांडा धरून स्वतः अर्धवट कूस वळवतात.

पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा ओपीडीत येतोय. तुमच्या छापील तक्त्यात स्राव आणि वास यांच्या मधे थोडी कोरी जागा आहे. माझ्या प्रतीवर मी तिथे पट्टीने दोन रेघा मारून "वजन" असं लिहिलंय आणि तारखेनुसार आकडे भरलेत. पुढच्या वेळी तक्ते छापायला जातील तेव्हा तेवढ्या दोन रेघा घाला.

आपली,
वही लिहिणारी एक मुलगी